बाईंची वीट

‘चिमूटभर’ हा शब्द बाईंना सहन होत नसे. शेजारच्या कुणी पदार्थ सांगताना ‘चिमूटभर मीठ’ म्हटलं की त्या विचारत, “कुणाची चिमूट?” आणि खरोखरच उत्तराची वाट बघत उभ्या राहत. एकदा आमच्या घरमालकीण अक्का, मी आणि स्वतः त्या, अशा तिघींच्या चिमटीतलं मीठ त्यांनी सोनाराच्या काट्यावर तोललं. अक्कांच्या चिमटीत माझ्या जवळजवळ दुप्पट मीठ निघालं. “तुझी आमटी अळणी का होते ते कळलं,” बाई मला म्हणाल्या आणि वहीत लिहून ठेवलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. अमळनेरहून मी धुळ्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले, आणि हेडबाईंनी माझी राहायची सोय त्याच शाळेत शिकवणाऱ्या याच बाईंबरोबर लावून दिली. अक्कांच्या घरामागे दोन खोल्या होत्या. एकीत बाई राहायच्या, दुसरीत मी, आणि मधल्या पडवीत आमचा दोघींचा स्वयंपाक. बाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, फैजपूरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. पुण्यात राहून बी. एस्सी. झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती, कारण त्यांनी उलट ‘तुम्ही का केलंत?’ असं विचारलं असतं आणि इथेही उत्तराची वाट बघितली असती.

अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, मनगटावर वडलांचं मोठं पुरुषी घड्याळ, आणि बारा महिने हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री असायचीच. तिच्या दांड्यावर त्यांनी खिळ्यानं इंचांच्या खुणा केल्या होत्या, आणि वाटेत काहीही मोजावंसं वाटलं की त्या मोजत. पांझरेच्या पुलाचा कठडा, आठवडी बाजारातली काकडी, एकदा तर हेडबाईंच्या टेबलाची उंची. ते टेबल दोन इंच जास्त उंच आहे आणि म्हणूनच हेडबाईंचा खांदा दुखतो, असं त्यांनी सांगितलं. हेडबाईंनी टेबलाचे पाय कापून घेतले, आणि खांदा दुखायचा राहिला.

मुली त्यांना मागे ‘काबाई’ म्हणायच्या. कारण उघड होतं. एकदा आम्ही अमळनेरला जात असताना रस्त्यातच एस. टी. बंद पडली. गाडी गरम झाली, एवढं बोलून ड्रायव्हर बिडी ओढायला झाडाखाली गेला. बाई त्याच्या मागे गेल्या. गाडी गरम का होते, पाणी कुठून आत जातं, ते उकळलं की कुठे जातं, असं एकेक विचारत त्यांनी त्याला परत गाडीपाशी आणलं, झाकण उघडायला लावलं, आणि अर्ध्या तासात निम्मे उतारू तिथे कोंडाळं करून ऐकत होते. त्यानंतर त्या गाडीचा ड्रायव्हर बाई दिसल्या की पुढची जागा मोकळी करून द्यायचा. मागून ओरडून विचारण्यापेक्षा जवळून विचारलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

शाळेत मात्र त्यांचं एक दुखणं होतं. आठवीपर्यंत त्या गणित आणि सृष्टिज्ञान शिकवत. नववीपासून मुलींना विज्ञान नव्हतंच. त्याऐवजी शिवण, स्वयंपाक, आरोग्य. बाईंनी तीन वर्षं तीन अर्ज केले होते आणि तिन्ही वेळा संस्थेच्या अध्यक्षांनी ते वाचून, घडी घालून परत दिले होते. अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. शाळेची इमारत त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली होती. पण मुलींना प्रयोगशाळा कशाला, हे त्यांना मनापासून कळत नसे. त्या वर्षीचा अर्ज परत देताना ते म्हणाले, की स्नेहसंमेलनाला शिक्षण खात्याच्या निरीक्षक बाई येणार आहेत, तेव्हा मुलींच्या पाककलेचं काहीतरी दाखवा. नव्या जमान्याचं, केकबिक. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंनी ते अंगावर घ्यावं.

मला वाटलं, बाई आता बोलतील. त्या म्हणाल्या, “घेते.”

त्या होकारामागे कुसुम होती, हे मला नंतर समजलं. कुसुम आठवीतली मुलगी, साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज वडलांच्या बैलगाडीतून यायची. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, काही दिवसांपूर्वी बाईंकडे येऊन गेले होते. पागोटं मांडीवर ठेवून पडवीत बसले आणि पुढल्या वर्षी पोरीला काय शिकवणार ते त्यांनी सविस्तर विचारून घेतलं. बाईंनी खरं तेच सांगितलं. भाऊंनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, “सयपाक तं तिनी माय बी शिकाडी. त्यानाकरता गाडी जुपाले नही परवडस.” स्वयंपाक तर तिची आईही शिकवेल, हे इतकं खरं होतं की बाईंनाही त्यावर ‘का’ विचारता आलं नाही. विज्ञान नसेल तर कुसुमची शाळा आठवीनंतर बंद, असं ठरल्यासारखंच होतं.

तर केक. बाईंनी आयुष्यात एकदाच केक खाल्ला होता. पुण्यात कॉलेजात असताना एका प्रोफेसरांच्या इंग्रज बायकोनं मुलींना चहाला बोलावलं होतं. विटेच्या आकाराचा, लिंबाच्या वासाचा, वर साखरेचा पांढरा लेप दिलेला. त्या इंग्रज बाईंनी सहज विचारलं, की हा फुगतो कशानं, माहीत आहे का? रसायनशास्त्र घेतलेल्या चार मुली तिथे होत्या आणि एकीलाही सांगता आलं नाही. ती लाज बाईंनी पंधरा वर्षं सांभाळून ठेवली होती. बाईंच्या भावानं फैजपूरहून आणलेला केळ्यांचा घड पडवीत टांगलेला असायचा, म्हणून मी विचारलं की केळ्याचा का करत नाही. “केळं आंबट नाही,” त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

पहिली अडचण अक्कांची. अक्कांनी पडवीच्या उंबऱ्यावर उभं राहून एकदाच सांगितलं, “बाई, तुम्ही काय बी रांधा, पन अंडं मना घरमा चालाव नही.” बाईंना ते पटलंच. म्हणाल्या, बरोबर आहे, निम्म्या मुलींच्या घरी अंडं चालत नाही, मग त्यांनी शिकून करायचं काय? बाजारातल्या बेकरीवाल्यानं, जो पाव आणि नानकटाई करायचा, हसून सांगितलं की अंड्याशिवाय केक फुगत नाही, आणि करायचाच असला तर माझ्या भट्टीत भाजून देतो. बाईंनी भट्टीही नाकारली. मुलींच्या घरी भट्टी नसते, शेगडी असते.

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्यांनी डालड्याच्या डब्याचे दोन लांबट साचे करवून घेतले, छत्रीनं मोजून, अगदी एकसारखे. मोठ्या पातेल्यात पांझरेची चाळलेली वाळू, वाळूवर साचा, वर झाकण, झाकणावर निखारे. आच बरोबर आहे का हे बघायला एका पत्र्यावर मैदा भुरभुरायचा आणि तो किती आकड्यांत तांबूस होतो ते मोजायचं. आमच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड होतं. लिंबाची साल किसताना फक्त वरचा पिवळा भाग घ्यायचा, खालचं पांढरं आलं की कडू. हे आम्हाला पहिल्याच खेपेला कळलं. त्या खेपेला आणखीही बरंच कळलं. केक पातेल्यातून निघाला तो काळा आणि टणक. अक्का बघायला आल्या, बोटानं वाजवून बघितला. “हाई वीट शे का खावानं?”

तेव्हापासून त्याचं नाव वीटच पडलं, आणि वरच्या साखरेच्या लेपाचं नाव चुना.

दुसरी वीट बाहेरून सोनेरी आणि आतून कच्ची. तिसरीत सोडा जास्त झाला, साबण खाल्ल्यासारखं लागलं. बाईंनी तिचा सबंध काप चावून चावून खाल्ला, कारण चव लिहून ठेवायची होती. मी म्हटलं, पुन्हा बिघडलं. त्या म्हणाल्या, “बिघडलं कुठे? सोडा किती नको, ते समजलं.” कुसुम रविवारी भाऊंच्या गाडीतून यायची आणि मदत करायची. साखर पाट्यावर वाटून, वस्त्रातून गाळून पीठ करणं हे तिचं काम. बाई तिला कशाचंच कारण सांगत नसत. तिनं काही विचारलं की म्हणत, करून बघ.

चौथ्या खेपेला सगळं नीट जमलं होतं. दही, लोणी, मैदा, साखर, साल, सगळं काट्यावर तोललेलं. कुसुमनं सोडा घातला, लिंबाचा रस घातला, ढवळलं, आणि तेवढ्यात अक्का आल्या. त्यांच्या भाचीचं लग्न जमत होतं आणि मुलाकडच्यांच्या सगळ्या अटी त्यांना सांगायच्या होत्या. अक्कांना मध्ये थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. त्या गेल्यावर साचा पातेल्यात ठेवला, आणि तासाभरानं जे निघालं ते भाकरीएवढं चपटं. मला रडू आलं. बाई मात्र कुसुमकडे बघत होत्या.

कुसुम पातेल्याला राहिलेलं पीठ बोटानं चाचपत होती. म्हणाली, “बाई, रस घातला तेव्हा हे फसफसत होतं. आता गप झालं आहे.”

“मग?”

“मग अक्का बोलत होत्या तोवर ते निघून गेलं.”

“काय निघून गेलं?”

ते कुसुमला माहीत नव्हतं. बाईंनी तिला एक ग्लास, सोडा आणि अर्धं लिंबू दिलं आणि स्वतः दळण घेऊन बाहेर निघून गेल्या. त्या परत आल्या तेव्हा कुसुमनं अंगणातली सात लिंबं पिळून संपवली होती. जळती काडी ग्लासात धरली की विझते, हेही तिनं शोधून काढलं होतं. बाईंनी मग वायूचं नाव तेवढं सांगितलं. बाकीचं तिचं तिनं मिळवलेलं होतं.

पाचव्या वेळी रस पडल्याबरोबर साचा पातेल्यात गेला, आणि वीट फुगली. मधोमध चीर पडून ती वर आली होती, फुटलेल्या डाळिंबासारखी. गरम असतानाच आम्ही चुना ओतला आणि तो सगळा वितळून ताटात गेला, म्हणून बाईंनी लिहिलं, गार होऊ द्यावी. ताटातला चुना आम्ही तिघींनी बोटांनी चाटून संपवला. अक्कांनी एक काप खाल्ला, जिभेवर घोळवला. “आंबटगोड शे. आखो एक काप द्या.”

संमेलनाच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बेत सांगितला. घरून केक करून न्यायचाच नव्हता. शाळेच्या अंगणात, सगळ्यांसमोर, मुली करणार होत्या. एकाच पातेल्यात कालवलेलं पीठ दोन साच्यांत निम्मं निम्मं ओतायचं. पहिला साचा अध्यक्षांचं भाषण सुरू होताना आचेवर ठेवायचा, दुसरा भाषण संपल्यावर. अध्यक्षांचं भाषण कधी अर्ध्या तासाच्या आत संपलेलं नाही, हे बाईंनी तीन वर्षं घड्याळ लावून लिहून ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, निदान कुसुमला काय बोलायचं ते पाठ करून द्या. बाईंनी नकार दिला. पाठ केलेलं उत्तर पहिल्या उलट प्रश्नाला पडतं, म्हणाल्या.

संमेलनाला मांडव भरला होता. पुढे खुर्च्यांवर अध्यक्ष, निरीक्षक बाई, गावातली मोठी मंडळी. मागे सतरंजीवर आईबाप, त्यांत एका कडेला भाऊ. अंगणाच्या कोपऱ्यात दोन शेगड्या, आणि त्यांच्यापाशी कुसुम आणि तिच्या दोन मैत्रिणी. बाई सगळ्यांत मागे, माझ्याशेजारी, छत्री उभी धरून. अध्यक्ष उठले. कुसुमनं रस घातला, ढवळलं, दोन्ही साचे भरले, आणि पहिला पातेल्यात ठेवून झाकण लावलं. अध्यक्षांनी भारतीय स्त्रीच्या परंपरेपासून सुरुवात केली. बेचाळीस मिनिटं झाली. टाळ्या पडल्या, तेव्हा दुसरा साचा आचेवर गेला.

मग गाणी झाली, लेझीम झाली, बक्षिसं वाटली, निरीक्षक बाई थोडक्यात बोलल्या. तोवर पहिली वीट निघून, गार होऊन, तिच्यावर चुना चढला होता. तो कडांवरून ओघळून तिथेच थिजला होता. सगळ्यांत शेवटी दुसरी निघाली आणि दोन्ही ताटं अध्यक्षांसमोर टेबलावर आली. एक चार बोटं उंच, पांढरीशुभ्र. दुसरी बसकी. पाठीमागून कुणीतरी हसलं. हेडबाईंचा चेहरा उतरला.

अध्यक्षांनी समजूतदारपणे म्हटलं, की मुली आहेत, एखादा बिघडायचाच. मग त्यांनी मागे वळून बाईंना विचारलं, हा दुसरा असा का झाला?

“मला नका विचारू,” बाई जागेवरून म्हणाल्या. “तिला विचारा. पीठ एकच होतं.”

सगळा मांडव कुसुमकडे बघू लागला. आणि कुसुम काही बोलेना. ती टेबलाकडे बघत होती, परकराचा काठ मुठीत धरून. मला राहवेना. मी ओठांनी ‘सोडा, सोडा’ असं करू लागले, तेव्हा बाईंनी माझं मनगट असं दाबलं की दोन दिवस दुखत होतं. त्यांनी काय पणाला लावलं आहे, ते मला तेव्हा त्या पकडीवरून कळलं. कुसुम गप्प राहिली असती, तर चौथा अर्ज करायला तोंड उरलं नसतं, आणि भाऊंची गाडी पुढल्या वर्षी आली नसती.

कुसुमनं मान वर केली. “एक ग्लास मिळेल का?” तिनं विचारलं.

तिनं ग्लासात सोडा घातला, वर लिंबू पिळलं. फेस काठावरून उतून अध्यक्षांच्या टेबलावर आला. पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. कुसुम शांतपणे सांगू लागली, आधी हळू आणि मग मागे भाऊंपर्यंत ऐकू जाईल अशी. आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो. पीठ लगेच आचेवर ठेवलं तर वायू पिठाला फुगवतो आणि पीठ तसंच भाजून घट्ट होतं. ठेवायला वेळ लावला तर वायू उडून जातो. हा पहिला साचा भाषणाच्या आधी ठेवला. हा दुसरा भाषण संपेपर्यंत वाट बघत होता.

अध्यक्षांनी बसक्या केककडे बघितलं, मग कुसुमकडे. “म्हणजे हा मी बसवला,” ते म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. मांडव हसला. निरीक्षक बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

हसणं ओसरल्यावर निरीक्षक बाईंनी कुसुमला वायूचं नाव विचारलं, तो ओळखायचा कसा ते विचारलं. कुसुमनं जळत्या काडीचं सांगितलं. पुढच्या वर्षी विज्ञान घेणार ना, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. कुसुम म्हणाली, आमच्या शाळेत ते नाही. निरीक्षक बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी उंच केकचा काप उचलला, खाल्ला, बोटाचा चुना पुसला आणि उभे राहिले. मला वाटलं पुन्हा भाषण. ते एवढंच म्हणाले, की शाळेच्या मागची कोठी जूनच्या आत रिकामी होईल, तिथे प्रयोगशाळा करा, आणि बाईंनी अर्ज पुन्हा द्यावा. निरीक्षक बाई म्हणाल्या, मी तो खात्यापुढे ठेवीन.

भाऊ गर्दीतून वाट काढत बाईंपाशी आले. त्यांच्या हातात केकचा काप होता, पण त्यांनी तो खाल्ला नव्हता, घरी न्यायला पागोट्याच्या पदरात बांधत होते. “बाई,” ते म्हणाले, “आते पोरले मी शाळामाईन काढाव नही.” बाईंनी मान हलवली. घरी येऊन जेवल्या, वहीत तारीख घातली, दोन्ही विटांची उंची लिहिली आणि अंथरुणावर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना उठायला नऊ वाजले. मी राहत होते तेवढ्या वर्षांत असं एकदाच झालं.

जूनमध्ये कोठीत आठ मुलींचा वर्ग सुरू झाला. परीक्षानळ्या येईपर्यंत पहिले दोन महिने अक्कांचे लोणच्याचे काचेचे बुधले वापरले. आठवड्यातून एक मुलगी तरी कपड्याला भोक पाडून घरी जायची, आणि आया बाईंशी भांडायला यायच्या आणि ‘का’ची उत्तरं देत देत दमून परत जायच्या. पुढे कुसुम पुण्याला डॉक्टरकीला गेली, आणि मीही लग्न होऊन जळगावला आले. पण त्याआधी, तीन वर्षांनी, मॅट्रिकचा निकाल लागला, तो दिवस मी बघितलेला आहे.

मुंबईचं वर्तमानपत्र तेव्हा चाळीसगावहून येणाऱ्या गाडीनं यायचं. बाई, मी आणि अक्का स्टेशनवर गेलो होतो. अक्का आयुष्यात कधी निकालाला आल्या नव्हत्या, पण त्यांनी आदल्या दिवसापासून उपास धरला होता. अंक हातात पडल्यावर बाई बाकावर बसल्या. आठही मुलींचे नंबर त्यांना पाठ होते. त्या एकेका रकान्यावरून बोट खाली नेत होत्या आणि नंबर सापडला की मोठ्यानं म्हणत होत्या. अक्का प्रत्येक वेळी बोट मुडपत होत्या. पाच झाले, सहा झाले. सातवा सापडायला वेळ लागला, पान उलटावं लागलं. आठवा कुसुमचा होता, पहिल्या वर्गाच्या यादीत. तो पहिल्यापासून तिथेच होता, आम्हीच शेवटच्या यादीपासून बघत आलो होतो.

बाईंनी अंकाची घडी घातली. फलाटावर हमाल, प्रवासी, चहावाला, सगळे आमच्याकडे बघत होते. अक्का मुडपलेली आठ बोटं तशीच समोर धरून उभ्या होत्या.

“बठ्ठ्या?” सगळ्या का, असं त्यांनी विचारलं.

बाई शाळेत आणि घरात नेहमी शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “बठ्ठ्या, अक्का. बठ्ठ्या.”